सत्र संपल्यावर हाती येणारा अभिप्राय: प्राध्यापकांकडे वेळेवर शेरे कसे मागावेत?

लाल_माती (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातील एका स्वायत्त महाविद्यालयात एम. ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकत आहे. संशोधन पद्धती या विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनात जे घडले ते सविस्तर लिहिते, कारण ते समजल्याशिवाय माझा प्रश्न केवळ गुणांची तक्रार वाटण्याची शक्यता आहे.

या विषयात आम्हाला एकमेकांवर आधारलेले तीन स्वाध्याय होते. पहिल्यात संशोधनाचा विषय, त्यामागचा प्रश्न आणि पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा लिहायचा होता. दुसऱ्यात प्रश्नावली आणि नमुना निवड कशी करणार ते मांडायचे होते. तिसऱ्यात प्रत्यक्ष माहिती गोळा करून अहवाल लिहायचा होता आणि त्यावर तोंडी परीक्षा होती. गुण अनुक्रमे 10, 15 आणि 25 होते.

माझा विषय कांद्याचा होता. आमच्या घरी कांदा पिकतो. उन्हाळ कांदा काढल्यावर एप्रिल-मे महिन्यांत भाव पडलेले असतानाही अनेक शेतकरी तो लगेच का विकून टाकतात, असा माझा प्रश्न होता. पहिला स्वाध्याय मी ऑगस्टच्या अखेरीस दिला आणि दुसरा सप्टेंबरच्या अखेरीस. दोन्हींवर काहीही परत आले नाही. दोनदा सरांना विचारले तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, की तपासणी चालू आहे, तुम्ही पुढचे काम सुरू करा. म्हणून दिवाळीनंतर बाजार समितीचे लिलाव सुरू झाल्यावर मी रोज पहाटेच्या एस. टी. ने जाऊन, ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगेत उभ्या असलेल्या 60 शेतकऱ्यांशी बोलून प्रश्नावली भरून घेतली. त्यासाठी बारा दिवस गेले. काही शेतकऱ्यांनी लिलावाची घाई असतानाही माझ्यासाठी अर्धा अर्धा तास दिला.

डिसेंबरमध्ये तोंडी परीक्षेत सरांनी अहवालाचे पहिले पान वाचले आणि विचारले, "नोव्हेंबरमध्ये जुना उन्हाळ कांदा बाजारात कोण आणतो?" मी उत्तर देण्यापूर्वीच मला माझी चूक दिसली. नोव्हेंबरपर्यंत उन्हाळ कांदा ज्याच्याकडे शिल्लक आहे, त्याच्याकडे कांदा साठवण्याची चाळ आहे. ज्यांच्याविषयी माझा प्रश्न होता, ते मे महिन्यातच विकून मोकळे झाले होते आणि माझ्या 60 जणांत त्यांच्यापैकी एकही नव्हता. शिवारातच व्यापाऱ्याला माल देणारे तर बाजार समितीच्या आवारात मला कधीच भेटले नसते. हे सगळे मी दुसऱ्या स्वाध्यायात स्पष्ट लिहिले होते: ठिकाण बाजार समिती, महिना नोव्हेंबर. त्या पानावर दोन ओळींचा शेरा ऑक्टोबरमध्ये मिळाला असता, तर मी गावोगावी घरी जाऊन विचारले असते.

जानेवारीत गुण पोर्टलवर आले: 5, 7 आणि 11. तिन्ही स्वाध्यायांवर लेखी शेरा एकही नाही. गुण योग्यच आहेत, त्याविषयी माझे म्हणणे नाही. सर विद्वान आहेत आणि त्यांनी एका प्रश्नात माझी चूक दाखवली, याविषयी मला आदर आहे. मला वाईट वाटते ते त्या बारा दिवसांचे आणि त्या साठ शेतकऱ्यांच्या वेळेचे.

आता दुसरे सत्र सुरू झाले आहे आणि हेच सर आम्हाला आणखी एक विषय शिकवणार आहेत. माझे प्रश्न असे आहेत. अंतर्गत गुण त्यांच्याच हातात असताना त्यांना न दुखावता वेळेवर अभिप्राय कसा मागावा? यासंबंधी विद्यापीठाचा किंवा शासनाचा काही नियम आहे का? आणि पुढचा स्वाध्याय देण्याआधी मागच्या स्वाध्यायावर शेरा मिळावा, ही अपेक्षाच अवाजवी आहे का?

तासिका_अध्यापक

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. अपेक्षा अवाजवी नाही. तुमच्या उदाहरणात तर दुसरा स्वाध्याय तपासण्याचा सारा अर्थच तिसरा सुरू होण्याआधी तो परत देण्यात होता. मी स्वतः अर्थशास्त्रच शिकवतो, गेली सात वर्षे तासिका तत्त्वावर, सध्या दोन महाविद्यालयांत. म्हणून हा गठ्ठा टेबलावर का पडून राहतो, ते आतून सांगू शकतो. ते समर्थन म्हणून वाचू नये.

माझ्याकडे पदवीच्या दोन वर्गांत मिळून 220 विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाचे सत्रात दोन स्वाध्याय असतात. म्हणजे 440 स्वाध्याय. एक स्वाध्याय नीट वाचून दोन ओळी लिहायला कमीत कमी 10 मिनिटे लागतात. याचे 4,400 मिनिटे, म्हणजे 73 तासांहून अधिक काम होते. मला मानधन मिळते ते वर्गात घेतलेल्या तासिकांचे. या 73 तासांचा त्यात कुठेही हिशेब नाही. कायम सेवेतील सहकाऱ्यांचे वेतन नियमित आहे, परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते, आणि त्याखेरीज प्रवेश समिती, नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची, कागदपत्रे, परीक्षेची पर्यवेक्षणे हे सगळे त्याच माणसांकडे येते. जागा रिक्त असल्या की राहिलेल्यांवर ते अधिकच पडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाचे मध्यवर्ती मूल्यांकन सुरू झाले की रोजच्या उत्तरपत्रिकांचा कोटा पूर्ण करावा लागतो. त्याला तारीख असते आणि जाब विचारणारे कोणी असते. अंतर्गत स्वाध्यायाला ना तारीख असते ना विचारणारे कोणी, म्हणून तो मागे राहतो.

हे सगळे खरे असूनही विलंबाची किंमत विद्यार्थ्यानेच मोजावी, हे मला पटत नाही, आणि ते मला माझ्याच चुकीतून कळले. एका वर्षी मी सूक्ष्म अर्थशास्त्राच्या स्वाध्यायांचा गठ्ठा सत्रांत परीक्षेच्या दोन दिवस आधी परत केला. निम्म्याहून अधिक मुलांनी मागणीतील विस्तार आणि मागणीतील वृद्धी यांत गोंधळ केला होता. किंमत बदलल्यामुळे त्याच वक्रावर पुढेमागे सरकणे वेगळे आणि उत्पन्न किंवा आवड बदलल्यामुळे सगळा वक्रच सरकणे वेगळे, हे मी प्रत्येकाच्या कागदावर लाल शाईने लिहिले होते. परीक्षेत त्याच मुलांनी तीच आकृती पुन्हा चुकीची काढली. माझे 70 तास वाया गेले होते, कारण वाचून समजून घ्यायला त्यांच्याकडे वेळच उरला नव्हता.

त्यानंतर मी एक बदल केला आणि तो अजून टिकला आहे. स्वाध्याय जमा झाले की दोन दिवसांत मी त्यांतले कोणतेही वीस वाचतो. वीस वाचले की वर्गाच्या बहुतेक चुका समोर येतात. त्या चुका एका पानावर लिहून, प्रत्येक चुकीखाली बरोबर कसे लिहिले असते ते दाखवून, ते पान गुगल क्लासरूमवर टाकतो आणि पुढच्या तासाला पंधरा मिनिटे त्यावर बोलतो. सगळ्यांचे गुण नंतर महिन्याभराने जातात, पण तोवर चूक दुरुस्त झालेली असते.

गुण आणि शेरा वेगळे करण्याला अभ्यासाचाही आधार आहे. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये इस्राएलमधील शाळकरी मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही मुलांना केवळ गुण, काहींना केवळ शेरे आणि काहींना दोन्ही दिले. केवळ शेरे मिळालेल्या मुलांचे काम सुधारले आणि गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्यांना मात्र शेऱ्यांचा फायदा झाला नाही, कारण गुण दिसले की नजर तिथेच थांबते. ती मुले लहान होती हे मान्य, पण माझ्या वर्गातही मी तेच पाहतो.

म्हणून तुमच्या सरांकडे "तपासून कधी मिळेल" असे विचारू नका. त्या प्रश्नाचे उत्तर "लवकरच" असेच येणार. त्याऐवजी कागदाचा एकच भाग त्यांच्यासमोर ठेवा: "सर, मी नोव्हेंबरमध्ये बाजार समितीत 60 शेतकऱ्यांना विचारणार आहे. माझ्या प्रश्नासाठी ही निवड योग्य आहे का?" ज्यांना विषय येतो त्यांना याचे उत्तर द्यायला एक मिनिट लागते, आणि तुमच्या सरांना तो येतो हे तुम्हीच लिहिले आहे.

कलम_आणि_परिपत्रक

नियमांविषयी विचारले आहे, म्हणून तेवढेच लिहितो. मी महाविद्यालयात असताना विद्यार्थी प्रतिनिधी होतो आणि नंतर कायद्याचे शिक्षण घेतले.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. विद्यापीठाच्या परीक्षेचा निकाल ही एक गोष्ट आणि अंतर्गत स्वाध्यायावरचा अभिप्राय ही दुसरी. पहिलीसाठी कायद्यात मुदत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत तो लावायचा असतो. ही मुदत मोडली की काय होते, ते मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये अनुभवले. त्या उन्हाळ्यात विद्यापीठाने सर्व उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम लागू केली. 17 लाखांहून अधिक उत्तरपत्रिका होत्या, प्राध्यापकांना पुरेसे प्रशिक्षण मिळालेले नव्हते, आणि कुलपती असलेल्या राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदतही टळली. काही निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, पुढच्या प्रवेशांसाठी थांबलेली मुले अडकली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. इतकी मोठी जबाबदारी निश्चित होऊ शकली, याचे एक कारण असे की कायद्यात दिवसांचा आकडा लिहिलेला होता.

अंतर्गत स्वाध्यायावर अमुक दिवसांत लेखी शेरा द्यावाच, असे हा अधिनियम सांगत नाही. तुमचे महाविद्यालय स्वायत्त आहे, म्हणजे मूल्यमापनाचे तपशील त्याच्या परीक्षा मंडळाने आणि विद्या परिषदेने ठरवलेले असणार. म्हणून पहिले काम असे करा, की शैक्षणिक दिनदर्शिका आणि मूल्यमापनाची नियमावली मिळवून वाचा. अंतर्गत गुण सत्रांत परीक्षेपूर्वी दाखवावेत अशी तरतूद त्यात असेल आणि ती पाळली गेलेली नसेल, तर तुमच्या म्हणण्याला लेखी आधार मिळतो.

दुसरा मार्ग विद्यार्थी तक्रार निवारण समितीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अशी समिती असायला हवी आणि तिने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर पुढे 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. दिनदर्शिकेत ठरलेल्या वेळेपेक्षा निकालाला झालेला विलंब आणि मूल्यमापनातील अपारदर्शकता या दोन्ही गोष्टी तक्रारीच्या व्याख्येत येतात. निव्वळ पुनर्तपासणीचे अर्ज मात्र लोकपाल ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. तुमची मागणी गुणवाढीची नाही, म्हणून ही अट तुमच्या आड येत नाही.

तिसरी गोष्ट, तपासलेला कागद पाहण्याच्या हक्काची. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या एका प्रकरणात निर्णय दिला, की परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहता येते. उत्तरपत्रिका जपून ठेवण्याच्या ठरलेल्या मुदतीपर्यंतच हा हक्क चालतो, त्यामुळे उशीर करून उपयोग नसतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या: कागदावर शेरा नसेल तर माहिती अधिकारात मिळालेल्या प्रतीवरही तो नसणार. कायदा असलेला कागद दाखवायला लावू शकतो, न लिहिलेली ओळ लिहून घेऊ शकत नाही. म्हणूनच मी स्वतः हा मार्ग तुमच्या बाबतीत पहिला सुचवणार नाही.

निवृत्त_1984

मी 1984 मध्ये अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो आणि तेहतीस वर्षे पदवी व पदव्युत्तर वर्गांना शिकवून निवृत्त झालो. वरील दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत, परंतु एका मुद्द्यावर मला असहमती नोंदवायची आहे.

220 विद्यार्थ्यांचा हिशेब खरा आहे. परंतु हा प्रश्न एम. ए. च्या वर्गाचा आहे, आणि तिथे विद्यार्थी बहुधा तीस-चाळीस असतात. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पदव्युत्तर वर्गात पंचवीस मुले होती, रिक्त जागांचा प्रश्न आजच्याइतका नव्हता, नॅकची धावपळ नव्हती, आणि तरीही ट्यूटोरियलच्या वह्या महिना-दोन महिने आमच्या कपाटात राहत असत. त्यात मीही होतो. त्या वेळी कारण कामाच्या ओझ्याचे नव्हते. तपासणे म्हणजे गुण देणे आणि गुण सत्राच्या शेवटी लागतात, असे आम्ही गृहीत धरले होते. वही परत देणे हा शिकवण्याचाच भाग आहे, ही समज आमच्या पिढीत फार थोड्यांकडे होती, आणि आम्ही घडवलेल्या प्राध्यापकांनी ती सवय आमच्याकडूनच घेतली. त्यामुळे सगळे दूषण तासिकांच्या मानधनावर किंवा रिक्त जागांवर टाकले, तर त्या जागा भरल्यावरही वह्या कपाटातच राहतील.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठ-दहा वर्षांत मी एक पद्धत अवलंबिली. तीन स्वाध्यायांऐवजी एकच स्वाध्याय ठेवला, पण तो दोनदा लिहून घेतला. पहिला खर्डा सहाव्या आठवड्यात. त्याला गुण नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्याला समोर बसवून पाच-सात मिनिटे त्यावर बोलायचे, त्याने स्वतःच्या हाताने समासात टिपण करून घ्यायचे. पक्की प्रत बाराव्या आठवड्यात, आणि गुण तिला. पंचवीस जणांशी बोलायला तीन तासांहून कमी वेळ लागतो. लेखी शेरे लिहिण्यापेक्षा हे लवकर होते, आणि विद्यार्थी तिथल्या तिथे उलट प्रश्न विचारू शकतो. तुमच्या बाबतीत सरांनी तोंडी परीक्षेत जो एक प्रश्न विचारला, तोच त्यांनी खर्ड्याच्या वेळी विचारला असता. त्यांचे कष्ट तेवढेच राहिले असते.

आता मागायचे कसे, याविषयी. तुमची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. अंतर्गत गुण ज्याच्या हाती आहेत त्याच्याकडे काही मागताना विद्यार्थी कचरतो, हे मी तेहतीस वर्षे पाहिले आहे, आणि त्याचा दुरुपयोग करणारेही पाहिले आहेत. म्हणून एकटीने जाऊ नका. वर्गातील पाच-सहा जण मिळून, सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत, म्हणजे कोणाचाही स्वाध्याय जमा होण्याआधी, सरांना भेटा. त्या वेळी मागच्या सत्राचा विषय तक्रार म्हणून काढू नका. "सर, या सत्रात पहिल्या टप्प्यावर आम्हाला प्रत्येकी पाच मिनिटे द्याल का, आम्ही तुमच्या सोयीच्या वेळी येऊ" एवढेच म्हणा. शिकवण्याची आवड असलेल्या माणसाला ही विनंती अपमानाची वाटत नाही. समितीकडे अर्ज करण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि तो हक्क असायलाच हवा, पण चार प्राध्यापकांच्या विभागात तो पहिल्याच आठवड्यात वापरला तर पुढचे बोलणे कागदावरूनच होऊ लागते.

दूरची_विद्यार्थिनी

मी 2022-23 मध्ये ब्रिटनमध्ये एम. एस्सी. केले. मूळची साताऱ्याची. तिकडचा अनुभव सांगते, कारण केवळ मुदत लिहिल्याने प्रश्न सुटतो का, हा मुद्दा वर आला आहे.

तिकडच्या अनेक विद्यापीठांत स्वाध्याय जमा झाल्यापासून कामकाजाच्या 15 किंवा 20 दिवसांत गुण आणि लेखी अभिप्राय देण्याचा नियम असतो, आणि तारीख विषयाच्या माहितीपत्रकात आधीच छापलेली असते. त्याचा मोठा फायदा असा, की विचारायला संकोच वाटत नाही. तारीख उलटली की विद्यार्थी कार्यालयाला ईमेल पाठवतो आणि त्यात कोणाचा अवमान होत नाही. मात्र वेळेवर आलेला अभिप्राय नेहमी उपयोगी असतो असे नाही. मला एका विषयात ठरलेल्या दिवशी "मांडणी चांगली, युक्तिवाद अधिक खोल हवा" एवढेच आले. कुठला युक्तिवाद आणि खोल म्हणजे काय, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या वर्षी 20 एप्रिल ते 6 सप्टेंबर 2023 या काळात तिथल्या अध्यापकांच्या संघटनेने 145 विद्यापीठांत मूल्यमापनावर बहिष्कार टाकला होता. प्रश्न वेतनाचा आणि हंगामी नेमणुकांचा होता. माझे दोन विषयांचे गुण त्यात अडकले आणि प्रबंधाच्या आराखड्यावर काही न कळता मला प्रबंध लिहावा लागला. त्या उन्हाळ्यात मला मनस्ताप झाला, पण आम्हाला शिकवणाऱ्यांपैकी कितीतरी जण दरवर्षी नव्या करारावर असतात आणि तपासणीचे काम त्यांच्याकडे ठरलेल्या तासांपेक्षा बरेच अधिक असते, हेही तेव्हाच कळले. तासिका_अध्यापक यांनी लिहिलेला 73 तासांचा हिशेब मला म्हणूनच ओळखीचा वाटला.

तिथली एक साधी पद्धत तुम्हाला इथेही वापरता येईल. एका विषयात स्वाध्यायाला मुखपृष्ठ जोडावे लागे आणि त्यावर विद्यार्थ्याने लिहायचे असे: मला कोणत्या मुद्द्यावर अभिप्राय हवा आहे आणि मागच्या वेळच्या कोणत्या शेऱ्यावरून मी काय बदलले आहे. त्या विषयातले शेरे बाकी सर्व विषयांपेक्षा नेमके होते, कारण वाचणाऱ्याला कुठे पाहायचे ते ठाऊक होते. यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. स्वाध्यायाच्या पहिल्या पानावर दोन ओळी तुम्ही स्वतःच लिहू शकता.

लाल_माती

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत येऊन लिहीत आहे, कारण मधल्या काळात थोडे घडले आहे.

महाविद्यालयाची नियमावली ग्रंथालयात मिळाली. अंतर्गत गुण सत्रांत परीक्षेपूर्वी सूचनाफलकावर लावावेत, अशी ओळ त्यात आहे. आमचे गुण परीक्षेनंतर आले होते. ती ओळ मी वहीत उतरवून ठेवली आहे, पण सरांना भेटताना तिचा उल्लेख केला नाही.

आम्ही सात जण गेलो होतो. निवृत्त सरांनी सुचवलेल्या शब्दांतच विचारले. सर थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, की मागच्या सत्रात त्यांच्याकडे स्वतःच्या दोन विषयांबरोबर निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याचा विषयही होता आणि आमचे दुसरे स्वाध्याय त्यांनी डिसेंबरमध्ये, तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री उघडले. हे त्यांनी आम्हाला सांगायलाच हवे होते असे नव्हते. ऐकल्यावर राग बराच कमी झाला. तरी त्या तीन महिन्यांत "मला वाचायला जमलेले नाही, तोवर माहिती गोळा करायला जाऊ नका" एवढे एक वाक्य त्यांनी वर्गात सांगितले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते, आणि परतताना आम्ही सगळे हेच बोललो.

त्यांनी दर गुरुवारी दुपारी तासानंतर एक तास ठेवला आहे. आम्ही बत्तीस जण आहोत, त्यामुळे एका गुरुवारी आठ जण, असे चार गुरुवारांत सगळ्यांचे होते. वर्गाचा तक्ता आम्हीच केला. माझा क्रमांक दुसऱ्या गुरुवारी आला. नव्या आराखड्याच्या वरच्या बाजूला मी लिहिले होते: "चाळ नसलेले शेतकरी मला बाजार समितीबाहेर कसे भेटतील आणि त्यांची निवड कशी करावी, यावर अभिप्राय हवा." सरांनी ते वाचले आणि सांगितले, की चार गावे निवडून ग्रामपंचायतीकडून किंवा तलाठ्याकडून कांद्याखालील क्षेत्राची यादी मिळते का ते पाहा, यादीतून ठरावीक अंतराने नावे घ्या, आणि चाळ आहे की नाही हे आधी न विचारता शेवटी विचारा, म्हणजे दोन्ही प्रकारचे शेतकरी आपोआप येतील. माझ्या घड्याळात सहा मिनिटे झाली होती.

प्रकल्पाची मुदत एप्रिलच्या अखेरीस आहे आणि यंदा आमच्याकडे उन्हाळ कांद्याची काढणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होईल, म्हणजे विकणारे शेतकरी मला विकण्याच्या दिवसांतच भेटतील. प्रश्नावलीचा खर्डा पुढच्या गुरुवारी सरांना दाखवायचा आहे. तासिका_अध्यापक सरांना एक विचारायचे होते: एकाच घरात थोडा कांदा चाळीत ठेवून थोडा लगेच विकला जात असेल, तर त्या घराची नोंद कोणत्या गटात करावी?